डाग पुसू नये, ही विनंती

विषय : उत्तरेच्या दालनातील मोठ्या चित्रावर असलेला ओलीचा डाग काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : मी स्वतः.

उपरोक्त विषयाबाबत सविनय निवेदन असे की, ज्या चित्रावर हा डाग आहे ते चित्र मीच. इतकी वर्षे माझ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण ते सगळे माझ्यामागे, टिपणीच्या कागदावर. मला कुणी काही विचारले नाही. तेव्हा आता न विचारताच बोलते.

मी अस्सल नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कळले की लोकांचे चेहरे पडतात. मी नक्कल आहे. इटलीतल्या एका टेकडीवर एक लहानसे चर्च आहे. तिथल्या भिंतीवर कित्येक शतकांपूर्वी कुणा चित्रकाराने ओल्या गिलाव्यावर एक चित्र रंगवले. त्याची मी हाताने काढलेली, मापाला माप असलेली प्रत. कचेरीच्या भाषेत बोलायचे तर सत्यप्रत. साक्षांकित मात्र नाही, आणि पुढचे सगळे रामायण तिथूनच सुरू होते.

माझ्यात काय आहे ते सांगते. एक आई तान्ह्या मुलाला घेऊन गाढवावर बसली आहे. राजाने तान्ही मुले मारायचा हुकूम काढला आहे, म्हणून हे कुटुंब देश सोडून निघाले आहे. पुढे नवरा आहे. खांद्यावर गाठोडे, आणि मान मागे वळलेली, चूल विझवली की नाही अशी शंका आलेल्या माणसासारखी. वर एक देवदूत बोट करून रस्ता दाखवतो आहे. डोंगर घडी विसकटलेल्या चादरीसारखे, झाडे मिटायची राहून गेलेल्या छत्र्यांसारखी. आणि उजव्या कोपऱ्यातून एक ओलीचा डाग उतरला आहे. देवदूताचा एक पंख निम्मा खाऊन तो खाली गाढवाच्या मागल्या अंगापर्यंत येतो. तिथे एक पाय त्याने गिळला आहे. त्यामुळे माझे गाढव तीन पायांवर देशोधडीला लागले आहे. तोंडावर मात्र तक्रार नाही.

मला जिने जन्म दिला तिचा व्यवसायच नकला काढण्याचा. त्या काळी इतक्या लांब जाऊन भिंती पाहणे सगळ्यांना परवडत नसे. म्हणून चित्रशाळा आणि संग्रहालये असल्या भिंतींच्या हाताने काढलेल्या नकला करवून घेत आणि दालनात टांगत. चांगला नकलकार तो, जो चित्रात स्वतः कुठेच दिसत नाही. ही बाई त्यात इतकी तरबेज, की तिला ओळखणारेही कमीच होते.

तिच्याबरोबर तिची धाकटी बहीण होती. ताईने भिंतीकडे पाहायचे आणि धाकटीने उरलेल्या जगाकडे, अशी दोघींची वाटणी. चर्चच्या धर्मगुरूंनी एकच अट घातली होती, भिंतीला हात लावायचा नाही. म्हणून ताईने परांचीवर उभे राहून भिंतीपुढे दोऱ्यांचे चौकोन बांधले, आणि एकेक चौकोन माझ्यावर उतरवू लागली. मी म्हणजे तेव्हा लाकडी चौकटीवर ताणलेले कापड. त्यावर खडूची भुकटी आणि सरस यांचे थरावर थर देऊन तिने मला गिलाव्याची कातडी दिली. मग अंड्याच्या बलकात रंग कालवून काम सुरू झाले.

“ताई, आज पण पांढरंच का जेवायला?” धाकटी खालून विचारी.

“पिवळं देवदूताला लागलं.”

“काल पण त्यालाच लागलं. अंगावर काही दिसत नाही मेल्याच्या.”

मूळ चित्रकाराची रीत अशी होती की, दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी भिंतीला लावायचा आणि तो वाळायच्या आत काम उरकायचे. त्यामुळे एका दिवसाचा गिलावा दुसऱ्याला जिथे मिळतो तिथे नीट पाहिले की बारीक सांधा दिसतो. देवदूत त्याने एका दिवसात उरकला होता. ताईला तो उतरवायला महिना गेला.

“त्याचं एका दिवसात झालं आणि तुझं महिनाभर?”

“त्याला काय काढायचं ते त्याचं त्याला माहीत होतं. मला त्याने काय काढलंय ते बघावं लागतं.”

“मला वाटतं त्याला घरी कुणीतरी जेवायला थांबलं असणार,” धाकटी म्हणाली.

ताईने सांधेसुद्धा काढले. भेगा काढल्या. आईच्या झग्याचा निळा रंग गिलावा वाळल्यावर वरून दिलेला होता, त्यामुळे तो बराचसा गळून पडून खालचा करडा दिसत होता. तिने तो करडाच काढला. तिचा नियम एकच होता, आहे तसे. आणि मग ती डागापाशी आली.

“डाग कशाला काढतेस?” धाकटीने विचारले. “तो काय चित्रकाराने काढलाय?”

“भिंतीवर आहे ना? मग काढायचा.”

“मग त्या वरच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं आहे, ते पण काढ.”

“ते परवा नव्हतं.”

“म्हणजे डाग जुना म्हणून त्याला मान? आणि गाढवाचं काय? लोक म्हणतील बाईला पाय काढता येत नाहीत.”

“म्हणू देत.”

“आधी मी म्हणतेय.”

“तू तर म्हणणारच.”

पण तुम्हाला सांगते, देवदूत काढणे सोपे आहे. देवदूत कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे चुकला तरी पकडणार कोण? ओल सगळ्यांनी पाहिलेली आहे. ताईचा पहिला डाग चहा सांडल्यासारखा झाला. तिने तो खरवडला. पुढचा मुका मार लागल्यासारखा दिसू लागला. तोही गेला. ओल म्हणजे करडा रंग नव्हे, हे तिला हळूहळू कळत गेले. ओलीची कड सगळ्यात गडद असते आणि पोट फिकट. कडेला किंचित हिरवी झाक असते, आणि भिंतीतले मीठ वर येते तिथे पिठाचा हात लागल्यासारखी पांढरी पूड धरते. शिवाय सकाळचा डाग वेगळा, दुपारचा वेगळा. म्हणून ती फक्त दुपारची घंटा झाल्यावर डागाला हात घाली. असा सगळा हिवाळा गेला.

एके दिवशी धर्मगुरू काम पाहायला आले. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी हळहळत मान हलवली. “अरेरे, हिच्यावरही आली का ओल? छपराचं काहीतरी करायलाच हवं.” आणि त्यांनी माझ्यावर पालथा हात ठेवला. मग हाताकडे पाहिले. मग ताईकडे. हात कोरडा होता.

त्या संध्याकाळी ताईने धाकटीला पिवळ्यासकट अंडे खाऊ घातले.

मी संग्रहालयात आले तेव्हा उत्तरेच्या दालनात माझ्यासारख्या नकलांची रांग होती. त्यातल्या काही ताईच्याच होत्या. समोरच्या भिंतीवर एक संत पाखरांना उपदेश करीत होता, आणि पाखरे त्याचे माणसांपेक्षा बरे ऐकत होती. त्या वेळचे संचालक रसिक होते. पाहुणे आले की ते त्यांना माझ्यासमोर उभे करीत आणि म्हणत, “लावा, हात लावा.” पाहुणा हात लावी, तळवा पाही आणि ओशाळून हसे. चित्रशाळेची मुले यायची तेव्हा तर रांग लागे. माझ्यातली आई, मूल, देवदूत सगळे राहायचे बाजूला, आणि सगळ्यांचे हात डागावर. मला त्याचे वाईट वाटले नाही. शहाण्यांनाही जिथे फसावेसे वाटते अशी जागा आपल्या अंगावर असणे ही काही लहान गोष्ट नाही.

हा डाग रंगवलेला आहे हे तेव्हा सगळ्यांना माहीत होते. म्हणूनच ते कुणी लिहून ठेवले नाही. जे सगळ्यांना माहीत असते त्याची नोंद होत नाही, आणि माणसे निवृत्त होत गेली की ते कुणालाच माहीत राहत नाही. नोंदीत माझ्याविषयी एवढेच आहे : भित्तिचित्राची प्रतिकृती, मोठी, एक नग.

पुढे रंगीत छपाई आली. ज्या भिंती पाहायला ताईला परांचीवर चढावे लागले होते त्या आता कुणालाही चकचकीत कागदावर घरी नेता येऊ लागल्या. नकला पाहायला येणारे कमी झाले, मग थांबले. दालनाचा उपयोग पलीकडे जाण्याची वाट म्हणून होऊ लागला. माझ्या शेजारी स्वच्छतागृहाची पाटी लागली. पाटीवरचा बाण आणि देवदूताचे बोट नेमके एकाच दिशेला. त्या कुटुंबाला तो कुठे पाठवतो आहे याविषयी लोकांचे तेव्हापासून काही औरच मत झाले आहे.

त्याच सुमारास नवा पहारेकरी आला. माणूस अतिशय कर्तव्यदक्ष. आळशी माणूस जागेवरून उठत नाही, त्यामुळे त्याच्या हातून फारसे नुकसान होत नाही. हा पहिल्याच पावसाळी दिवशी उठला, डाग पाहिला आणि धावत जाऊन माझ्या खाली बादली ठेवली. संध्याकाळी बादली कोरडी होती. त्याने वर कळवले, “गळती आटोक्यात आहे.” दुसऱ्या दिवशी इमारत विभागाचे निरीक्षक आले. त्यांनी डाग पाहिला आणि लिहिले, “गळती चालू आहे.” दोन्ही कागद एकाच फायलीत, एकावर एक, सुखाने नांदू लागले.

छप्पर दुरुस्त झाले. डाग गेला नाही. म्हणून छप्पर पुन्हा दुरुस्त झाले. पन्हाळी बदलली, कौले बदलली, कंत्राटदार बदलले. डाग हलेना. हलणार कसा, अंड्यात कालवलेला तो! शेवटच्या कंत्राटदाराने तर माझ्या मागे पाणी जाऊ नये म्हणून माझ्या चौकटीच्या चारही कडा सिमेंटने भिंतीत बुजवून टाकल्या. तेव्हापासून मी नक्कल असूनही भिंतीचाच भाग झाले. अस्सलपणाच्या इतके जवळ मी यापूर्वी कधी गेले नव्हते.

या डागानेच मला वाचवले, हेही नमूद करायला हवे. नकलांचे निर्लेखन करायचे, म्हणजे त्यांना नोंदीतून काढून टाकायचे ठरले तेव्हा बाकीच्या सगळ्या खाली उतरल्या. पाखरांना उपदेश करणारा संत कोठारात दोन कपाटांच्या मध्ये आडोसा म्हणून उभा आहे, असे ऐकते. ताईच्या बाकीच्या नकलांचे काय झाले ते ऐकायलाही मिळाले नाही. मी मात्र राहिले. माझ्या मागची भिंत गळतीच्या चौकशीत होती, आणि चौकशी चालू असलेल्या वस्तूला हात लावता येत नाही.

मग कुणीतरी चांगले काम केले. संपूर्ण छप्पर नवे घातले गेले आणि इमारत विभागाने लेखी दिले की, आता गळती नाही, प्रकरण बंद. झाले. गळती नाही, तर डाग हे जुने नुकसान. जुने नुकसान, तर दुरुस्ती. प्रस्ताव असा झाला की, डाग धुऊन काढावा, निघाला नाही तर वरून रंगवावा, पंख पुरा करावा आणि गाढवाला चौथा पाय देण्यात यावा.

पुराव्यादाखल मूळ भिंतीचा ताजा फोटो जोडला होता. तिकडे इतक्या वर्षांत भिंतीची डागडुजी झाली होती. ओल घालवली होती, मीठ खरवडले होते, नवा गिलावा भरून पंख आणि पाय काढून दिले होते. मूळचा पाय कसा होता हे अर्थात कुणी पाहिलेले नव्हते, पण गाढवाचा पाय चुकून चुकून किती चुकणार? तेव्हा फोटोत डाग नाही आणि पाय चार. माझ्यावर डाग आहे आणि पाय तीन. म्हणजे डाग आमच्या छपराचा, हे उघड झाले. तिकडे मूळ सुधारले आणि इकडे नक्कल खोटी पडली.

माझ्यासमोर परांची बांधून झाली त्या दिवशी ताई आणि धाकटी आल्या. अधूनमधून त्या येतात. दोघी आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. ताईच्या नजरेत मधोमध धूसर पडदा आला आहे, फक्त कडेने थोडे दिसते. म्हणून ती माझ्यासमोर येऊन मान दुसरीकडे वळवून उभी राहते, जणू माझ्यावर रुसली आहे.

“आहे का गं?” तिने विचारले.

“आहे. पण पुढ्यात परांची आहे,” धाकटी म्हणाली, आणि तिथली सूचना मोठ्याने वाचू लागली. वाचता वाचता तिचा आवाज खाली येत गेला. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“बाकीच्या सगळ्या गेल्या,” ती म्हणाली. “ही एक राहिली. आणि आयुष्यात मला अगदी जमलं असं हिच्यातलं तेवढंच आहे. तेच पुसणार?”

“अहो बादलीवाले,” धाकटीने पहारेकऱ्याला हाक मारली. “साहेब कोण आहेत इथले? बोलवा त्यांना.”

संग्रहपाल तरुण, शिकलेला आणि सभ्य माणूस आहे. त्याने दोघींना बाकावर बसवले, पाणी दिले. “आजी, तुमच्या भावना मी समजू शकतो,” तो म्हणाला.

“आजी कुणाची? आम्हा दोघींची लग्नं झालेली नाहीत,” धाकटी म्हणाली.

“आणि भावना नाहीत हो,” ताई म्हणाली. “डाग आहे. मी काढलाय.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम. एक हिवाळा गेला त्यात.”

 त्याने शांतपणे फोटो दाखवला, गळतीची फाईल दाखवली. ती फाईल बादलीपेक्षा जड होती. “इतकी माणसं इतकी वर्षं गळती म्हणतायत. आणि मूळ भिंतीवर डाग नाही.”

“तेव्हा होता. त्या वेळी ती भिंत तशी होती. आता ती तशी तिथेही राहिली नाही. जी काय उरलीय ती या कापडावर.”

“मागून बघा की हिला,” धाकटी म्हणाली. “खरी ओल असेल तर कापडाच्या पाठीवर उतरली असेल. पाठ स्वच्छ निघाली तर ताईचं खरं.”

संग्रहपालाला ते पटले. मलाही पटले, कारण माझी पाठ अगदी कोरी आहे. पण माझ्या कडा सिमेंटने बुजवलेल्या. सिमेंट फोडायचे तर ते इमारत विभागाचे काम. इमारत विभाग म्हणाला, गळतीचे प्रकरण आम्ही बंद केले आहे. ते उघडायचे तर ओल असल्याचा पुरावा द्या. म्हणजे ओल नाही हे दाखवायला आधी ओल दाखवायची.

“हात लावून बघा मग,” धाकटी म्हणाली.

“कोरडाच लागेल,” संग्रहपाल म्हणाला. “गळती थांबलीय ना.”

शेवटी त्यानेच वाट सुचवली. अर्ज करा, डाग पुसू नये म्हणून. आणि सोबत एक नमुना जोडा. लहानशा पाटीवर तसाच डाग काढून दाखवा. ज्याने हा काढला त्याला तो पुन्हा काढता येईल. तोवर काम थांबवण्याचे त्याने स्वतःच्या सहीने लिहून दिले. हे बोलताना त्याची नजर ताईच्या डोळ्यांकडे गेली आणि तो गडबडला. “म्हणजे, जमत असेल तर.”

“जमत नसेल तरी,” ताई म्हणाली. “नाही जमलं तर तुम्ही खुशाल पाय काढा.”

अर्ज ताईने सांगितला आणि धाकटीने लिहिला. मजकूर दोन ओळींचा होता. डाग पुसू नये, तो माझ्या हातचा आहे, ही विनंती. धाकटीने आपल्या पदरची आणखी काही वाक्ये घातली होती, ती ताईने खोडायला लावली.

मग दुपारी दुपारी दोघी माझ्यासमोरच्या बाकावर बसू लागल्या. ताई मान वळवून कडेच्या नजरेने माझ्याकडे पाही आणि मांडीवरच्या पाटीवर अंदाजाने कुंचला टेकवी. रंग धाकटी कालवी.

“पिवळा नको इतका. तपकिरी कर.”

“कसला तपकिरी? चहासारखा?”

“चहाच.”

“दुधाचा की बिनदुधाचा?”

“दुधाचा. पण साय धरलेला.”

“असा चहा मी कुणाला देत नाही,” धाकटी म्हणे, पण रंग बरोबर तोच देई. इतकी वर्षे कुरकुर करीत तिने सगळे पाहून ठेवले होते.

पाट्या बिघडत गेल्या. एकीवर हात हलला. एकीवर कड जमली पण पोट मेले. एके दिवशी ताईने मधेच कुंचला खाली ठेवला. “मला तो दिसत नाही गं,” ती म्हणाली. “मी आठवून काढतेय. आठवून काढलं तर नक्कल कसली?”

“मग मी सांगते, तू काढ,” धाकटी म्हणाली. ती उठून परांचीच्या फळ्यांमधून डोके घालून माझ्या अगदी जवळ आली. आयुष्यभर तिने मला खालून पाहिले होते. “कड बघ, सलग नाही. तीन ठिकाणी आत वळलीय. मधल्या वळणावर हिरवट. त्याच्याखाली पांढरं, पीठ मळून हात झटकावा तसं. नाही, इतकं नाही. झटकून झाल्यावर उरतं तेवढंच.”

ताईने शेवटचे पांढरे बोटाच्या टोकाने टेकवले. मग पाटी बाकावर ठेवली आणि म्हणाली, “पुरे.”

धाकटीने पाटी पाहिली. तिने ती उचलली, रुमाल काढला आणि बाकाची फळी पुसली. पुसून झाल्यावर आपण काय केले ते तिच्या ध्यानात आले आणि ती होती तशीच उभी राहिली.

“काय झालं?” ताईने विचारले.

“काही नाही.”

“पुसलंस ना?”

“नाही.”

“पुसलंस. आवाज आला.”

 पाटी वाळेपर्यंत धाकटीने ती दोन्ही हातांत धरून ठेवली. पुरती वाळल्यावरच नमुना अर्जाला जोडला गेला. डाग हा विषय इमारत विभागाचा, म्हणून अर्ज तिकडे गेला.

यथावकाश उत्तर आले. संग्रहपालाने ते माझ्यासमोरच दोघींना वाचून दाखवले : “अर्जासोबतचा नमुना पाण्याने भिजलेल्या अवस्थेत मिळाल्याने त्याची तपासणी करता आली नाही. तरी अर्जदाराने कोरडा नमुना सादर करावा.”

ताई म्हणाली, “पुन्हा वाचा.” त्याने पुन्हा वाचले. मग ती हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवीत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. परत आलेली पाटी धाकटीच्या हातात होती; तीही हसत होती, पण तिचे हसणे मधेच रागात जाई आणि पुन्हा फिरून येई. संग्रहपालाने तिच्या हातून पाटी घेतली आणि तिच्यावर बोट फिरवले. बोट पाहिले. मग तो परांचीवर चढला आणि माझ्या डागावर पालथा हात ठेवून उभा राहिला. बराच वेळ. खाली उतरल्यावर त्याने त्याच उत्तराच्या समासात शेरा लिहिला : नमुना कोरडाच आहे, कृपया हात लावून पाहावे. आणि पाटीसह कागद परत पाठवला.

माझे म्हणणे एवढेच आहे. देवदूताला पंख द्या, न द्या, त्याचे चालते. आईच्या झग्याला निळा रंग हवा असे वाटत असेल तर तेही समजू शकते. पण एका बाईने जे होते तसे दाखवण्यात एक हिवाळा घातला, आणि तिला ते जमले. इतके जमले की त्यामुळेच कुणाचा विश्वास बसेना. तुम्ही कधी या दालनातून पलीकडे जात असाल, तर घाई नसल्यास क्षणभर थांबा. हात लावू नये अशी पाटी आहे, तिच्याकडे पहारेकरी पाहतो आहे, तुम्ही पाहू नका.

आजच्या तारखेची स्थिती अशी : कामाला दिलेली स्थगिती कायम आहे. परांची उभी आहे. गाढवाचे पाय तीन आहेत. ताईंची प्रकृती ठीक आहे. पायऱ्या चढताना दम लागतो, म्हणून गेल्या खेपेला धाकटी एकटीच येऊन डाग जागेवर असल्याचे पाहून गेली. इमारत विभागाने पाटी मिळाल्याचे कळवले आहे. तिला हात कुणी लावायचा याबाबत निर्णय व्हायचा आहे.

अर्ज प्रलंबित आहे.